रिकामा रकाना

यंदाच्या जानेवारीच्या अखेरीस जुन्नर तालुक्यातील एका वाडीवरच्या द्विशिक्षकी प्राथमिक शाळेत दोन दिवस जाऊन बसण्याचा योग आला. शाळेच्या बाई आमच्या दूरच्या नात्यातल्या; तिसरी आणि चौथी हे दोन्ही वर्ग त्या एकाच खोलीत सांभाळतात, आणि पहिली-दुसरीचा भार शेजारच्या खोलीतले गुरुजी वाहतात. प्रार्थना, दिनविशेष आणि सुविचार असा परिपाठ आटोपून बाई हजेरी घेऊ लागल्या, तेव्हा मला दुसरा उद्योग नसल्यामुळे, दाराशेजारी खिळ्याला अडकवलेला महिन्याच्या उपक्रमांचा तक्ता मी अथपासून इतीपर्यंत वाचून काढला. दिनांक, उपक्रमाचे नाव, सहभागी विद्यार्थी, निष्पत्ती आणि छायाचित्र असे त्याचे रकाने होते. 3 जानेवारीस मुलींनी सावित्रीबाईंची वेशभूषा केली. निष्पत्ती, स्त्रीशिक्षणाचे महत्त्व समजले. संक्रांतीस तिळगूळ वाटला. निष्पत्ती, स्नेहभाव वाढीस लागला. आवारात बालबाजार भरवला. निष्पत्ती, व्यवहारज्ञान मिळाले. परसबागेत मेथी पेरली, निष्पत्ती, श्रमप्रतिष्ठा. सहभागी संख्येच्या रकान्यात दर वेळी पटावरचा पुरा 23 हा आकडा होता, आणि त्यावरून त्या वाडीत महिनाभर कोणाला साधे पडसेसुद्धा झाले नाही, असा निष्कर्ष एखाद्या भावी इतिहासकाराने काढला तर त्याला दोष देता येणार नाही.

या तक्त्यात असत्य असे काही नव्हते. वेशभूषा झाली होती, तिळगूळ वाटला गेला होता, मेथी तर खिडकीतून दिसत होती. तरीही तो तक्ता वाचून त्या तेवीस मुलांना एक महिन्यापूर्वी जे येत नव्हते असे आज काय येते, आणि आज जे येत नाही ते का येत नाही, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मला मिळाले नाही. माझी ही चाचपड बाईंच्या ध्यानात आली असावी. मधल्या सुटीत त्यांनी टेबलाच्या खणातून एक शंभर पानी रेघी वही काढली आणि, "ही तपासणीला ठेवत नाही मी," असे काहीसे संकोचून म्हणत माझ्यापुढे सरकवली. वहीच्या प्रत्येक पानावर उभ्या रेघा मारून तीन भाग केलेले होते : पहिल्यात मुलाच्या नावाचे आद्याक्षर, दुसऱ्यात त्याची चूक, आणि तिसऱ्याच्या माथ्यावर एकच शब्द, 'का?'. दुसरा भाग पानोपानी भरलेला होता. तिसरा पुष्कळ ठिकाणी रिकामा.

एखाद्या वर्गाने अलीकडे काय शिकले हे जाणण्याचे सर्वांत विश्वसनीय साधन म्हणजे त्या वर्गाने अलीकडे काय चुकवले याची नोंद होय. आणि ज्या व्यवस्थेच्या दप्तरात साजऱ्या झालेल्या प्रत्येक दिवसाला रकाना आहे पण चुकीला नाही, तिला स्वतःच्या मुलांचे शिकणे, ते डोळ्यांसमोर घडत असतानाही, दिसण्याचा संभव नाही, असे माझे प्रतिपादन आहे. हे विधान प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटेल याची मला जाणीव आहे. म्हणून त्या वहीतीलच एका पानापासून आरंभ करतो.

बालबाजाराच्या दिवशी तिसरीतल्या एका मुलीने मेथीच्या जुड्या मांडल्या होत्या. तिची आई दर आठवड्याला बाजारात पाल ठोकून भाजी विकते. बारा रुपयांची एक, अशा दोन जुड्या घेऊन एका पालकाने पन्नासची नोट पुढे केली. मुलीने 'चोवीस' म्हटले, रुपयाचे नाणे ठेवून 'पंचवीस', पाचाचे ठेवून 'तीस', आणि मग दहाच्या दोन नोटा ठेवीत 'चाळीस, पन्नास' म्हणून व्यवहार पुरा केला. बेरीज करीत करीत वजाबाकी साधण्याची ही रीत बाजारात बसणाऱ्या प्रत्येक बाईला अवगत असते, आणि हिशेबात ती सहसा फसत नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर 50 वजा 24 हे उदाहरण मांडले, तेव्हा त्याच मुलीने पाटीवर 34 हे उत्तर लिहिले. शून्यातून चार जात नाहीत, तेव्हा चारातून शून्य घालवून चार. पाचातून दोन गेले, तीन. काल तू किती परत दिलेस, असे बाईंनी विचारले. सव्वीस, असे तिने बिनचूक सांगितले. मग आज चौतीस कसे? त्यावर तिने जे उत्तर दिले ते बाईंनी तिच्याच शब्दांत टिपून ठेवले होते : "काल पैशे होते बाई, आज गणित हाये."

हे वाक्य मी दोनतीनदा वाचले. दाराजवळच्या तक्त्यात बालबाजारापुढे 'व्यवहारज्ञान मिळाले' असे लिहिलेले होते, आणि वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट होती. व्यवहारज्ञान त्या मुलीला शाळेने दिले नव्हते. ते तिने घरून, आईच्या पालाखालून, शाळेत आणले होते. तिच्यापाशी जे नव्हते ते व्यवहार आणि पाटी यांना जोडणारे पाऊल, आणि तिची ती चूक झाली नसती तर ते पाऊल नाही हे कोणालाच कळले नसते. ब्राझील देशातील रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ आणि फळे विकणाऱ्या मुलांवर टेरेझिन्या नुनेस आणि त्यांचे सहकारी यांनी केलेले, 1985 साली प्रसिद्ध झालेले संशोधन शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. गिऱ्हाइकाला अचूक हिशेब सांगणारी ती मुले तेच गणित कागदावर मांडून दिले की अडखळत. परंतु जुन्नरच्या बाईंनी ते संशोधन वाचले नव्हते, आणि त्यांना ते वाचण्याची निकडही पडली नव्हती. पुढचा आठवडाभर त्यांनी पाटीवरची प्रत्येक वजाबाकी आधी नाण्यांनी आणि नोटांनी करवून घेतली, दहाची नोट मोडून दहा नाणी करणे म्हणजेच दशक सुटा करणे हे मुलांच्या बोटांना पटेपर्यंत. उपक्रम म्हणावयाचा तर तो हा. मात्र त्याचे छायाचित्र कोणी काढले नव्हते, कारण मुले जमिनीवर बसून नाणी मोजीत आहेत यात पाहण्यासारखे काय असते?

या स्थितीचा दोष एकट्यादुकट्या शिक्षकावर ढकलण्यात अर्थ नाही. आपल्याकडील प्राथमिक शाळा आणि तिचे दप्तर ही जुळी भावंडे आहेत. मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खाजगी शाळांची अनुदाने वार्षिक परीक्षेच्या निकालाशी बांधली गेली, तेव्हापासून शाळेला दोन तोंडे झाली : एक मुलांकडे असलेले, दुसरे तपासनिसाकडे. खेड्यापाड्यांतून ज्यास 'डिपोटी' म्हणत तो अंमलदार घोड्यावरून वा दमणीतून गावात आला की त्या दिवशी भिंती सारवल्या जात, हुशार पोरे पहिल्या ओळीत बसवली जात, आणि मठ्ठ म्हणून ख्यात असलेल्यांस गुरे राखावयास जाण्याची मूक परवानगी मिळे. डिपोटी गेला, त्याच्या जागी शिक्षण विस्तार अधिकारी आणि केंद्रप्रमुख आले, भिंती चुन्याच्या जागी रंगीत तेलरंगाने सजल्या. पण अधिकाऱ्यास दाखवावयाचे ते शिकणे आणि न दाखवावयाची ती चूक, ही त्या काळी पडलेली खूणगाठ अद्याप सुटलेली नाही.

आणि तरीही दप्तराची एकांगी निंदा मला मान्य नाही. वर्गाच्या पटावर त्या वाडीतील प्रत्येक मुलाचे नाव असणे ही गोष्ट आज आपणास हवेपाण्यासारखी सहज वाटते, परंतु तिच्यामागे अर्ध्या शतकाहून अधिक काळाचा झगडा आहे. जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन सादर करून प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. नांगराच्या रुमण्यास वा सुताराच्या वाकसास हात लावण्याची लाज वाटणार नाही असे शिक्षक नेमावेत, हा त्यांचा आग्रह त्याच निवेदनात आहे. सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेलीच्या परिसरात आणि 1906 साली सबंध बडोदे संस्थानात सक्ती अमलात आणली. गोपाळ कृष्ण गोखले यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मार्च 1912 मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात 13 विरुद्ध 38 मतांनी बारगळले, आणि पाचच वर्षांनी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात तीच गोष्ट हुकमाने करून दाखवली. ज्या मुलाचे नाव कोठेच लिहिलेले नाही त्याच्या अनुपस्थितीची चौकशी कोणी करीत नाही. म्हणून हजेरीपट हा गरिबाच्या मुलाचा दस्तऐवज आहे, आणि त्या बाबतीत माझी दप्तराविषयी कृतज्ञताच आहे. परंतु मूल शाळेत आले याचा पुरावा ठेवण्यासाठी जे साधन निर्माण झाले, त्याच साधनाने मूल शिकले याचाही पुरावा मिळेल असे आपण गृहीत धरले, तेथे घोटाळा झाला. हजेरी मोजता येते. समजूत मोजता येत नाही. ती प्रश्न विचारून हुडकून काढावी लागते.

जे मोजता येईल तेच उपक्रमात शिल्लक राहते, हा अनुभव आपल्यासाठी नवा नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाच्या द्वारा शिक्षणाची जी कल्पना मांडली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने जिला अभ्यासक्रमाचे रूप दिले, तिच्या मुळाशी फार मोठा विचार होता : हात जे करतो त्यातून बुद्धीला प्रश्न पडावेत. तकलीचा दोरा तुटला तर का तुटला, कापूस ओला होता की पीळ कमी पडला, एवढा एक प्रश्न तासभर पुरणारा आहे. परंतु ही कल्पना खालपर्यंत झिरपत शेकडो शाळांत पोहोचली तेव्हा किती तार सूत निघाले हे लिहिण्यास जागा उरली, आणि दोरा का तुटला हे लिहिण्यास उरली नाही. वस्तुतः तुटलेला दोरा हाच खरा धडा होता.

याहून जुने आणि अधिक बोधप्रद उदाहरण पाढ्यांचे आहे. पंतोजीच्या शाळेतील पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी यांचा उपहास करण्याची आपल्याकडे चाल पडली आहे. घोकंपट्टीचा तो कळस होता असे मानले जाते. मुलांच्या पाठीवर उमटणाऱ्या छडीचे समर्थन मला करावयाचे नाही. पण सोळा आण्यांचा रुपया आणि चार शेरांच्या पायलीच्या हिशेबाने चालणारा बाजार ज्या काळी भोवती होता, त्या काळी साडेतीनचा पाढा ही कल्पनाविलासाची गोष्ट नव्हती. तो शाळेतून थेट पेठेत उतरणारा जिना होता. मुलगा औटकी चुकला तर त्याची चूक त्याच संध्याकाळी किराण्याच्या दुकानात उघडी पडे. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी चालू झाली, वजनमापेही पुढे बदलली, आणि त्या जिन्याच्या खालची जमीनच सरकली. पाढे मात्र पुढे काही वर्षे तसेच म्हटले जात राहिले, कारण म्हणणे ऐकता येते आणि तपासता येते. ज्या घोकण्याला जग हिसका देऊ शकते ते घोकणेही शिक्षण असते, आणि ज्या बाजाराला कोणी हिसका देत नाही तो बाजारही, फुगे लावून भरवला तरी, घोकणेच असते.

उलट दिशेने जाणारी वाट आपल्याच भूमीवर कोणी मळली नाही असे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डी येथे, आणि पुढे डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांसाठी जे केले त्याचा गौरव आपण पुष्कळ करतो, पण त्यातील विचाराची रीत क्वचितच पाहतो. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली आणि 'अंगणवाडी' हा शब्द जन्मला. थोरली मुले गुरांमागे रानात जातात म्हणून शाळाच कुरणात गेली. तिला कुरणशाळा म्हणत. महागडी मॉन्टेसरी साधने परवडत नव्हती, तेथे शंखशिंपले, बिया आणि खडे आले. यातील एकही उपक्रम आधी ठरवून मग मुलांवर टाकलेला नव्हता. प्रत्येकाच्या आधी एक अपयश होते, आणि ते अपयश मुलांच्या माथी न मारता त्या दोघींनी स्वतःच्या माथी घेतले होते. आज तेच उपक्रम परिपत्रकाने उतरतात. एकाच दिवशी, एकाच घटकेस, राज्यातील सर्व शाळांतून हात धुतले जातात, प्रतिज्ञा घेतल्या जातात, पुस्तके वाचली जातात आणि सायंकाळच्या आत छायाचित्रे वर पाठवली जातात. दुसऱ्या दिवशी शाळेच्या नळाला पाणी असते की नाही याची पृच्छा करणारे परिपत्रक मात्र सहसा येत नाही.

शासनाला हे कळलेच नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला, आणि त्याच वर्षी 20 ऑगस्टला महाराष्ट्र शासनाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा निर्णय काढला. दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय इत्यादी आठ साधने त्यात सांगितली आहेत, आणि शिक्षकाने प्रत्येक मुलाविषयी स्वतःच्या शब्दांत वर्णनात्मक नोंद करावी अशी अपेक्षा ठेवली आहे. माझ्या मते प्राथमिक शिक्षणाच्या बाबतीत इतका समंजस कागद सरकारी दप्तरातून क्वचितच निघाला असेल. त्याचे पुढे काय झाले ते कोणत्याही तालुक्याच्या गावातील पुस्तकांच्या दुकानात पाहावयास मिळते. तेथे वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका विकत मिळतात. 'कविता तालासुरात म्हणतो', 'गटात मिसळून काम करते', 'परिसरातील घटकांचे निरीक्षण करतो', अशी विषयवार वाक्ये, लिंगभेदानुसार क्रियापद बदलून घेण्याच्या सोयीसह. त्या पुस्तिकांत अडचणींच्या नोंदींसाठीही एखादे पान असते, पण त्या अडचणी साऱ्या मुलांच्या सारख्याच : शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे, अक्षर सुधारावे, नियमित उपस्थित राहावे. शिक्षकावर लादलेल्या माहितीच्या ओझ्याखाली तो दुसरे काय करणार, ही तक्रार खरी आहे. परंतु मला त्यात आणखी काही दिसते. गुण सर्व मुलांचे एकसारखे लिहिता येतात. चूक मात्र ज्याची त्याची असते, आणि म्हणून ती नक्कल करून लिहिता येत नाही.

संख्यावाचनाचे उदाहरण येथे विस्ताराने घेतो, कारण बाईंच्या वहीत सर्वांत अधिक पाने त्यानेच व्यापली होती. 'एकशे पाच' लिहा म्हटल्यावर 1005 लिहिणारी चार मुले होती. त्यांनी जे ऐकले तेच लिहिले : शंभर, आणि त्यापुढे पाच. 'सत्तेचाळीस' ऐकून 74 लिहिणारी त्याहून अधिक. त्यांनीही ऐकले तेच लिहिले, कारण मराठी माणूस सात आधी उच्चारतो आणि चाळीस मागाहून, परंतु लिहिताना चार आधी येतो आणि सात मागाहून. हा क्रम आपणास संस्कृताकडून वारशाने मिळाला. जर्मन मुलालाही हाच त्रास आहे. आपला शेजारी कानडी मुलगा मात्र दशक आधी म्हणतो आणि आधीच लिहितो. त्यात पुन्हा 'एकोणतीस' या शब्दात तिसातून एक उणे करण्याची वजाबाकी दडलेली, आणि 'त्र्याण्णव' म्हणताना जिभेला पडणारी गाठ निराळीच. जून 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' यासोबत 'वीस एक' अशीही वाचनाची रीत दिली गेली, तेव्हा महाराष्ट्रात जी रणधुमाळी माजली ती वाचकांस आठवत असेल. मराठी भाषेवर घाला आला असे म्हटले गेले, विधिमंडळात आडनावांवर कोट्या झाल्या. त्या गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर या स्वतः गणितज्ञ. संख्यानामांतील जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुलांना अडचण येते, हे त्या सांगत राहिल्या. म्हणजे त्यांचा विचार मुलाच्या चुकीपासून निघाला होता आणि विरोधकांचा भाषेच्या अभिमानापासून.

मी स्वतः 'एकोणपन्नास' हा शब्द सोडावयास तयार नाही. त्यात माझ्या आजीचा आवाज आहे. परंतु त्या वादात कोणी उभा राहून, आपल्या वर्गात किती मुले 47 ऐकून 74 लिहितात आणि ती कशी सावरतात, हे सांगितल्याचे मला आठवत नाही. ज्या राज्यात लक्षावधी मुलांचे पट काटेकोर ठेवले जातात, त्या राज्यात ही साधी माहिती देण्यास कोणाच्याही दप्तरात रकाना नव्हता, आणि म्हणून वाद अस्मितेवर खेळला गेला.

आता एका आक्षेपाला उत्तर देणे आवश्यक आहे, कारण तो माझ्याच पक्षातून येतो. चुकीचे महत्त्व ओळखलेले काही उत्साही लोक पुढे जाऊन असे प्रतिपादन करू लागले आहेत की मुलाची चूक दुरुस्तच करू नये. त्याने आपली ज्ञानरचना आपण करावी, शिक्षकाने केवळ साक्षी राहावे. हे मत मला धोक्याचे वाटते. सुखवस्तू घरातील मुलाची चूक सायंकाळी आई दुरुस्त करते, नाहीतर शिकवणीचे मास्तर करतात. ज्याच्या घरी दुसरे कोणी लिहिणारे नाही त्याची चूक शाळेने तशीच ठेवली तर ती जन्मभर तशीच राहील. चुकीचा आदर करणे म्हणजे तिचे कारण शोधणे, आणि कारण सापडले की तिला निरोप देणे. त्याचबरोबर, जे चूकच नाही ते चूक म्हणून नोंदवू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. 'म्या नाय केलं' असे म्हणणारे मूल व्याकरण चुकत नाही. ते आपल्या घरचे व्याकरण बिनचूक पाळीत असते, आणि पुस्तकातील 'मी नाही केले' हे त्याला दुसरे वस्त्र म्हणून द्यावयाचे असते, पहिले ओरबाडून काढून नव्हे. बाईंच्या वहीत अशी एकही नोंद नव्हती. ते त्यांनी बुद्ध्याच केले होते की त्यांना त्या बोलण्यात काही वावगे दिसलेच नव्हते, हे मी विचारले नाही.

पुन्हा काहीजण म्हणतील की असली वही दप्तरात दाखल केली तर चार वर्षांत तिच्याही तयार पुस्तिका बाजारात येतील, 'मासिक चुका : इयत्ता तिसरी' अशा शीर्षकाच्या. येतील यात मला शंका नाही. म्हणूनच ती वही खणात राहावी असे मला वाटते, आणि हे म्हणताना माझ्या प्रतिपादनात विसंगती उत्पन्न होते हेही मी कबूल करतो. ज्या रकान्याच्या अभावाबद्दल मी तक्रार करीत आहे, तो रकाना सरकारने आखून दिलेला मला नको आहे. मला हवे आहे ते इतकेच की तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याने तक्ता पाहून झाल्यावर खुर्ची ओढून घ्यावी आणि विचारावे : बाई, या आठवड्यात मुले कोठे अडली? हा प्रश्न शेरेबुकात मावत नाही. पण तो विचारला जातो अशी बातमी एका बीटमध्ये पसरली, तरी पुष्कळशा खणांतून पुष्कळशा वह्या बाहेर येतील असा माझा अंदाज आहे.

राहता राहिला सावलीचा प्रयोग, जो मी पाहिला आणि ज्यात माझाही हात होता. चौथीच्या परिसर अभ्यासासाठी बाईंनी आवारात हातभर उंचीची काठी रोवली, आणि अकरापासून दर पाव तासाने सावलीच्या टोकाशी खडूने खूण करण्याचे काम चार मुलांवर सोपवले. आरंभी मुलांशी चार शब्द बोलण्याचा मान पाहुण्याला मिळाला, आणि मी त्यांना आत्मविश्वासाने सांगितले की बरोबर बारा वाजता सूर्य डोक्यावर येईल आणि सावली सर्वांत लहान होईल. बारा वाजले. खूण झाली. सव्वाबारास एक मुलगा धावत आत आला : "बाई, सावली आजून बारीक होतीय!" काठी कलली असेल, असे मी म्हणालो. बाईंनी सुतळीला दगड बांधून ओळंबा धरला. काठी सरळ होती. मुले खिचडीचे ताट हातात घेऊनच काठीशी येऊन बसली. साडेबारापर्यंत सावली आणखी आखडली, मग अगदी केसभर, आणि एक वाजताच्या खुणेस ती पुन्हा किंचित लांबलेली दिसली. सर्वांत आखूड खूण पाऊणची होती. तिची लांबी मुलांनी हाताने मोजली, ती पाऊण हात भरली. आणि "पाऊणला पाऊण" असा एक घोष काही वेळ आवारात चालला. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले, पुन्हा तेच.

चुकलो होतो तो मी. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची. जुन्नर चौऱ्याहत्तर अंशांच्या जवळ, म्हणजे येथला मध्याह्न घड्याळामागे अर्ध्या तासाहून अधिक, आणि पृथ्वीच्या कक्षेच्या लंबवर्तुळाकारामुळे व अक्षाच्या कलामुळे जानेवारीच्या अखेरीस त्यात आणखी बारा-तेरा मिनिटांची भर. प्रमाणवेळ 1906 साली ठरली तेव्हा मुंबईकरांनी तिला दीर्घकाळ दाद दिली नाही. एकोणचाळीस मिनिटे मागे चालणारी 'मुंबई वेळ' 1955 पर्यंत शहरात टिकून होती, आणि त्या हट्टामागे निदान सूर्याचा तरी पाठिंबा होता. शिवाय सूर्य डोक्यावर येतो हेही मी चूकच सांगितले. जुन्नरच्या डोक्यावर तो वर्षातून दोनदाच येतो, मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस. पहिला दिवस उन्हाळी सुटीत जातो आणि दुसरा ढगांत, म्हणून शाळेला तो बहुधा दिसतच नाही.

हे सारे चौथीच्या मुलांना समजावून देण्याचा यत्न मी चेंडू आणि बॅटरी घेऊन केला आणि त्यात मला फारसे यश आले नाही. "मग घंटा चुकती का सावली?" असे एकीने विचारले, आणि दोन्ही बरोबर आहेत असे मी म्हणताच मुलांचा माझ्यावरचा उरलासुरला विश्वासही उडाल्यासारखे दिसले.

निघताना बाईंनी वही पुन्हा उघडून माझ्यापुढे धरली. त्या दिवसाच्या पानावर पहिल्या भागात आद्याक्षराच्या जागी 'पाहुणे' असे लिहिलेले होते, दुसऱ्यात 'बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो', आणि तिसऱ्या, 'का?' या शब्दाखालच्या जागेत, बाईंच्या वळणदार अक्षरात : 'कधी पाहिले नसावे.'